कार्ड पाहण्याचा कार्यक्रम

संस्थेचं वय नोंदणीच्या कागदावर शोधू नये. तिचा संगणक चालू व्हायला किती वेळ लागतो ते पाहावं. आमच्या वधू-वर सूचक मंडळाचा संगणक अकरा मिनिटं घेतो. सकाळी बटण दाबावं, खाली गंजगोलाईच्या बाजारात उतरून चहा प्यावा, दोन ओळखीच्या माणसांची ख्यालीखुशाली विचारावी आणि जिना चढून वर यावं. तोवर पडद्यावर निळं आभाळ आलेलं असतं. इतकी स्वस्थता हल्लीच्या संस्थांत राहिलेली नाही.

मी या मंडळाचा सहसचिव. बिलोली तहसिलात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आणि मुलीच्या शिक्षणासाठी लातुरात घर केलं होतं तिथंच स्थायिक झालो. मंडळाचे अध्यक्ष मलप्पा अण्णा, डाळमिलचे मालक. खजिनदार शिवप्पा, वीज कंपनीतले निवृत्त वायरमन, हेच तांत्रिक सल्लागारही आहेत. (हे पद त्यांनी कार्यालयातला पंखा दुरुस्त केला त्या दिवशी निर्माण करण्यात आलं. पंखा त्या दिवसापासून बंद आहे.) महिला प्रतिनिधी पार्वतम्मा, मूळच्या उदगीरच्या. आणि पगारी कर्मचारी एकच : मंजुश्री, वय एकतीस, राहणार निलंगा, शिक्षण बी.एस्सी. कॉम्प्युटर. ती मंडळाची ऑपरेटर आहे आणि मंडळाकडे नोंदलेली वधूही आहे, क्रमांक ११४७. दोन्ही कामं एकाच खुर्चीत बसून होतात याचं अण्णांना फार कौतुक.

आमच्या छापील फॉर्मवर शेवटचा रकाना 'अपेक्षा' असा आहे. वरांच्या अपेक्षा संगणकात जशाच्या तशा चढवल्या जातात. वधूंच्या बाबतीत मंडळानं एक सुटसुटीत पद्धत ठेवली आहे. मुलीनं स्वतःच्या हातानं काहीही लिहिलेलं असो, संगणकात 'विशेष नाही' एवढंच घ्यायचं. यात मुलीचंच हित आहे. 'विशेष नाही' असलेल्या मुलीचं लग्न सरासरी सात महिन्यांत जमतं. काहीतरी लिहिलेल्या मुलीला सव्वाचार वर्षं लागतात. (हे आकडे शिवप्पांनी काढले. कशावरून, ते त्यांनी सांगितलेलं नाही, आणि खजिनदाराला विचारायची आमच्याकडं पद्धत नाही.)

मंजुश्री सांगितल्याप्रमाणे टाइप करायची. फक्त स्वतःच्या पानावर 'लग्नानंतर नोकरी करणार' ही ओळ तिनं ठेवली होती. आम्ही ती काढायला लावायचो. ती आमच्यासमोर काढायची आणि दुसऱ्या दिवशी ओळ परत दिसायची. पासवर्ड तिच्याकडंच असल्यानं याला इलाज नव्हता.

"पोरी, तेवढी एक ओळ काढ की," अण्णा तिला मायेनं म्हणायचे. "उदगीरचं संगमेश्वरचं स्थळ हाय. कापडाचं दुकान हाय, घर हाय, पोरगं निर्व्यसनी. पंधरा दिवसांत जमवून देतो."

"ओळ राहू द्या, अण्णा," ती म्हणायची, आणि पुढच्या फॉर्मवर 'विशेष नाही' टाइप करायला घ्यायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गेल्या परिचय मेळाव्यात संगणकानं पहिल्यांदा कुरकुर केली. मंगल कार्यालयात मोठा पडदा लावलेला, उमेदवारांचे फोटो एकामागून एक येत होते, आणि मध्येच सगळे फोटो हिरवे पडायला लागले. हिरव्या वरांबद्दल कुणी काही बोललं नाही. वधूंची मात्र जमत आलेली दोन स्थळं रंगावरून मोडली. अहमदपूरच्या एका वरपित्यानं तर लेखी कळवलं की मुलगी प्रत्यक्षात गोरी आहे हे आम्हाला मान्य आहे, परंतु पडद्यावर पाहिलेलं मनातून जात नाही.

मंजुश्रीनं संगणक उघडला आणि चार मिनिटांत निदान सांगितलं.

"मदरबोर्डवरचा डिस्प्ले गेलाय, काका. एक ग्राफिक्स कार्ड टाकलं की चालेल. बारकं घ्या, तीस वॅटचं, त्याला वेगळं कनेक्शन लागत नाही. आपला पॉवर सप्लाय दोनशे चाळीस वॅटचाच आहे अन् म्हातारा झालाय. त्याच्यावर भार नको."

इतक्या लवकर मिळालेल्या उत्तरावर विसंबणं कोणत्याही जबाबदार संस्थेला शोभत नाही. म्हणून इतिवृत्तात 'सूचना ऐकून घेण्यात आली' अशी नोंद केली आणि निवड समिती नेमली. समितीत अण्णा, शिवप्पा, पार्वतम्मा आणि मी. मंजुश्रीला घेतलं नाही. उत्तर तिला आधीच माहीत असल्यानं ती निःपक्षपाती राहिली नसती. पुढचा मेळावा सात आठवड्यांवर होता.

पहिली बैठक कार्ड या शब्दावर झाली.

"कार्ड छापायचं काम आपलं न्हाई," अण्णा म्हणाले. "आपण जमवून द्यायचं. पत्रिका ज्याची त्यानं छापावी."

यावर दीड तास चर्चा होऊन मंडळ कोणतंही कार्ड छापणार नाही, असा ठराव एकमतानं झाला. दुसऱ्या बैठकीत मंजुश्रीनं संगणकातली खाच दाखवली आणि कार्ड या खाचेत बसतं म्हणून सांगितलं, तेव्हा हे प्रकरण वेगळं आहे हे समितीच्या लक्षात आलं. पहिला ठराव मात्र कायम ठेवला. ठराव चांगला होता.

तिसऱ्या बैठकीत अटी ठरल्या. मंजुश्री सांगत गेली, मी लिहून घेत गेलो. कार्ड कमी खाणारं असावं. चणीनं बारकं असावं, कारण आपलं कॅबिनेट अरुंद आहे. आवाज करू नये. तापट नसावं. स्वतःसाठी वेगळं कनेक्शन मागू नये, घरात आहे त्यात भागवावं. आणि जुन्या मदरबोर्डाशी जुळवून घ्यावं.

मी यादी मोठ्यानं वाचून दाखवली. अण्णांनी ती डोळे मिटून ऐकली आणि "सुंदर" म्हणाले.

"माझी सासू मला बघायला आली तवा हेच विचारत होती," पार्वतम्मा म्हणाल्या. "वॅट तेवढं इचारलं न्हाई."

हे वाक्य इतिवृत्तात घेतलं नाही.

मंजुश्रीनं इंटरनेटवरून तेवीस कार्डांची माहिती फोटोसह छापून आणली. समितीनं तीन बैठकांत छाननी केली. उंची जास्त म्हणून सात नापास झाली. फार खातात म्हणून चार. दोन कार्डांच्या खोक्यावर तलवार घेतलेला राक्षस होता. असली वस्तू मंगलकार्याच्या कार्यालयात आणणं योग्य नाही, असं ठरलं. एका कार्डाची आणि आमच्या मदरबोर्डाची कंपनी एकच निघाली, ते सगोत्र म्हणून बाद झालं. (मंजुश्री म्हणाली की उलट ते चांगलं असतं. तिचं वय लहान आहे.)

पाच कार्डं वापरलेली होती. त्यातलं एक निलंग्याच्या सायबर कॅफेतलं. कॅफेचा संगणक व्होल्टेज वाढून जळाला, कार्ड शाबूत राहिलं. मंजुश्रीनं ते स्वतः चालवून पाहिलं होतं आणि आपल्याला अगदी योग्य आहे, असं तिचं म्हणणं पडलं.

"आधीचा कॉम्प्युटर गेला म्हणायलीस," शिवप्पा म्हणाले. "मग कार्डाचा पायगुण बघावा लागंल."

पार्वतम्मा चष्मा पुसत होत्या. त्यांनी तो पुसून घातला, परत काढला.

"कॉम्प्युटर त्याच्या मरणानं गेला," त्या म्हणाल्या. "कार्डानं काय केलं त्याला?"

पार्वतम्मा चोविसाव्या वर्षी विधवा झाल्या, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. मग रीतसर मतदान घेतलं. तीन विरुद्ध एक. पाचही बाद.

उरली चार. ती प्रत्यक्ष पाहायची ठरली आणि त्यासाठी नांदेडला जायचं ठरलं. लातुरात संगणकाची दुकानं पुष्कळ आहेत, पण त्यातली निम्मी सभासदांची; एकाकडून घेतलं की बाकीचे रुसतात. शिवाय स्थळ परगावचं असलं की चौकशीला वाव राहतो. मंजुश्रीला सोबत नेलं नाही. अशा कार्यक्रमात मुलीनं बोलण्याची पद्धत नाही, आणि ती बोलली असती.

निघताना तिनं माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. "दुकानदाराला एवढी दाखवा, काका. बाकी काही सांगायची गरज नाही." मी ती गाडीत उघडून वाचली. आमच्या संगणकाची सगळी कुंडली होती : वय चौदा वर्षं, सप्लाय दोनशे चाळीस वॅट, कॅबिनेट अरुंद, मदरबोर्डवरचा डिस्प्ले निकामी. मी घडी घालून खिशात ठेवली. आपल्याकडची वैगुण्यं पहिल्याच भेटीत, तीही लेखी द्यायची, हे तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी केलेलं नाही.

नांदेडच्या वजिराबाद भागातल्या एका दुकानात आम्ही चौघं खुर्च्यांवर ओळीनं बसलो. दुकानदार शिवशंकर, पस्तिशीचा, बोलायला मऊ. त्यानं चहा मागवला आणि चौकशी सुरू केली. इथंच पहिला खटका उडाला, कारण चौकशी आम्ही करायची होती.

"तुमचा कॉम्प्युटर किती वर्षांचा आहे, काका?"

"आठ-नऊ असंल," मी म्हणालो.

"पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे?"

"आमच्याकडचं इचारायचं कारण न्हाई," अण्णा म्हणाले. "नामांकित संस्था हाय. सदतीस वर्षांपासून काम करायलोत."

"न्हाई, त्याच्यावर कार्ड ठरतंय म्हणून विचारून राहिलो."

"तुम्ही तुमचं कार्ड दाखवा."

शिवशंकरनं तळहाताएवढं एक कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. काळं-हिरवं, साधं, वर पांढरट धातूची पट्टी. शिवप्पांनी त्याला उलटसुलट करून पाहिलं.

"खातंय किती?"

"तीस वॅट."

"वेगळं कनेक्शन?"

"लागत न्हाई."

"आवाज?"

"ह्याला पंखाच न्हाई, काका. आवाज कुठून येईल."

"जुन्यात बसंल?"

"पंधरा वर्षांच्या मशीनमध्ये बसवून दिलेत मी."

अण्णा पुढं झुकले. "मग हिच्यात खोट काय हाय?"

"काही न्हाई. पिच्चर पाहा, फोटो पाहा, चांगलं चालतंय. गेम तेवढे होणार न्हाईत."

समितीनं पाच मिनिटांची मुदत मागितली आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून विचारविनिमय केला. परिस्थिती गंभीर होती. आमच्या सहाच्या सहा अटींत बसणारं कार्ड समोर होतं आणि ते काहीही मागत नव्हतं. शिवप्पांचं म्हणणं असं की ज्याची काहीच मागणी नाही, त्याच्यात काहीतरी दडवलेलं असतं. अण्णांना हे पटलं. आपण चारचौघांत पडद्यावर दाखवणार, तर वस्तूला थोडं रूप पाहिजे, असंही त्यांना वाटलं. पार्वतम्मा म्हणाल्या, "अटी तुम्हीच लिवल्या होत्या ना?" त्यावर अण्णांनी खुलासा केला की अटी या समोरच्याची तयारी पाहण्यासाठी असतात.

आम्ही आत आलो तेव्हा काचेच्या कपाटातलं दुसरं कार्ड अण्णांच्या नजरेस पडलं. हातभर लांब, दोन पंखे, आणि त्यातून लाल, निळा, जांभळा असा प्रकाश फिरत होता. एखाद्या लग्नातल्या रोषणाईसारखं.

"हे?" अण्णा म्हणाले.

"ते तुमच्या कामाचं न्हाई, काका," शिवशंकर म्हणाला. "त्याला पाचशे वॅटचा सप्लाय पाहिजे. मोठं कॅबिनेट पाहिजे. वेगळं कनेक्शन द्यावं लागतंय. जुन्या मशीनला झेपणार न्हाई."

"घरी आलं की घेतंय जुळवून," शिवप्पा म्हणाले.

शिवशंकरनं दोनदा समजावलं, मग खोकं बांधून दिलं. चिठ्ठी माझ्या खिशात सुखरूप होती. परतताना लोह्याच्या पुढं पार्वतम्मांनी विचारलं की पोरीनं काही लिहून दिलं होतं का. मी गाडीचा आवाज फार आहे म्हणालो.

मंजुश्रीनं खोकं उघडलं, कार्ड पाहिलं आणि खुर्चीत बसली.

"हे बसणार नाही, काका. चिठ्ठी दाखवली होती ना?"

"चिठ्ठी दिली होती," मी म्हणालो. वाक्य खरं आहे. ती तिनं मला दिली होती.

कार्ड बसवण्याचं काम शिवप्पांनी स्वतःकडं घेतलं. कॅबिनेटचं झाकण लागत नव्हतं, ते काढून ठेवलं. तरी कार्ड आत जाईना, म्हणून सीडीची पेटी काढली आणि एक पत्रा करवतीनं कापला. वेगळं कनेक्शन लागत होतं, ते सीडीच्या वायरीला जोड देऊन केलं. अकरा मिनिटांनी संगणक चालू झाला. लाल, निळा, जांभळा प्रकाश फिरला, फोटो गोरे आले, अण्णांनी कार्डाला विभूती लावली. संगणकाचं अर्धं अंग उघडं आणि कार्ड बाहेर डोकावणारं, असं ते रूप होतं. पण घरात कर्तृत्ववान माणूस आला की थोडी पाडापाडी होतेच.

"रिकामं आहे म्हणून चालतंय," मंजुश्री म्हणाली. "मोठ्या पडद्यावर तासभर चालवलं की सप्लाय जाईल."

"शुभ बोलावं, पोरी," अण्णा म्हणाले. "संगमेश्वरची आई मेळाव्याला यायलीय. तुझं पान पडद्यावर यायच्या आधी ती ओळ तेवढी काढ."

मेळावा औसा रोडवरच्या मंगल कार्यालयात होता. चारशे माणसं. मंजुश्री सकाळीच आली, सोबत एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत काय आहे विचारलं तर म्हणाली, मूळ फॉर्म आहेत, असावेत हाताशी. मी विरोध केला नाही. मूळ कागद जवळ ठेवणं ही कार्यालयीन शिस्त आहे.

स्वागत झालं, अण्णांचं भाषण झालं आणि पडदा उजळला. पहिले आठ उमेदवार उत्तम दिसले. नवव्याचा फोटो अर्धा आला, तेवढ्यात कार्डाचे दोन्ही पंखे किंचाळले, संगणकाच्या मागून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि पडदा काळा झाला. जळक्या प्लास्टिकचा वास दुसऱ्या रांगेपर्यंत गेला. शिवप्पांनी बटण चारदा दाबलं. मग त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं आणि ते जेवणाची व्यवस्था पाहायला गेले.

माणसं उठायला लागली. अण्णा मंजुश्रीजवळ गेले. माईक चालू होता, त्यामुळं ते काय म्हणाले हे सगळ्यांनी ऐकलं.

"पोरी, कायबी वाचत राहा. माणसं चाललीत."

मंजुश्रीनं पेटी उघडली. नावं न घेता, क्रमांक सांगून ती फॉर्म वाचायला लागली. जन्मतारीख, शिक्षण, उंची, गाव. वरांच्या अपेक्षा वाचल्या : सुंदर, सुशील, गृहकृत्यदक्ष. दुसऱ्याच्याही त्याच. तिसऱ्याच्याही. सभागृहात पुन्हा गप्पा सुरू झाल्या, पापडाचा वास यायला लागला, सगळं नेहमीसारखं झालं.

मग वधूंचे फॉर्म सुरू झाले. हे फॉर्म मुलींनी स्वतःच्या अक्षरात भरलेले होते.

"क्रमांक आठशे बारा. अपेक्षा : मुलगा पीत असेल तर आधी सांगावं. नंतर कळू नये."

गप्पा चालूच होत्या.

"क्रमांक नऊशे पाच. अपेक्षा : न्हाणीघराला आतून कडी असावी."

पुढच्या रांगेतला एकजण हसला. त्याच्याशिवाय कुणी हसलं नाही, म्हणून तोही थांबला.

"क्रमांक एक हजार तीस. माहेरी फोन केला तर स्पीकरवर ठेवायला लावू नये. क्रमांक एक हजार एक्याण्णव. मला पोळ्या नीट येत नाहीत. यावर एकदाच हसावं."

दाराशी गेलेली माणसं परत येऊन बसली. मंजुश्रीचा स्वर वर गेला नाही की खाली आला नाही. टाइप करताना ती बसते तशीच ती उभी होती. एक फॉर्म उचलून तिनं वाचला, "क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. अपेक्षा : लग्नानंतर नोकरी करणार," आणि तो बाजूला ठेवून पुढचा घेतला. दुसऱ्या रांगेत संगमेश्वरची आई उठली. संगमेश्वर बसून होता. त्याची आई दारापर्यंत गेली आणि तिथून तिनं वळून पाहिलं. तो अर्धा उठला, जरा वेळ तसाच राहिला, मग पूर्ण उठला.

"क्रमांक बाराशे आठ," मंजुश्री म्हणाली, आणि पहिल्यांदाच थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. वाचायला सांगत होतो की नको म्हणत होतो, ते मलाही आठवत नाही.

"अपेक्षा : बाबा आईशी बोलतात तसं बोलणारा नसावा."

क्रमांक १२०८ माझी मुलगी, तनुजा. तिचा फॉर्म मी स्वतः तपासून सही केली होती. जन्मतारीख, रक्तगट, सगळं पाहिलं होतं. अपेक्षेचा रकाना पाहिला नव्हता. तिथं काय चढवायचं ते ठरलेलं असल्यानं तो पाहण्याची पद्धत नव्हती. तनुजा त्या दिवशी आलेली नव्हती. माझी पत्नी सिंधु तिसऱ्या रांगेत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि लावली. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर हात उगारलेला नाही, हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे. बोलणं म्हणाल तर कामापुरतं. त्या संध्याकाळी तहान लागली तेव्हा मी हाक मारली नाही. स्वतः उठून माठातलं पाणी घेतलं.

"झाकण ठेवा," सिंधु आतून म्हणाली.

मी झाकण ठेवलं. आमच्या घरात त्या दिवशी एवढंच बोलणं झालं, आणि ते तिनं केलं.

एरवी एका मेळाव्यातून तीस-एकतीस स्थळं जमतात. या वेळी सहा जमली. मात्र सहाही मुलांनी स्वतः फोन करून मुलीशी बोलायचं आहे असं कळवलं, ज्यासाठी आमच्याकडं नमुना अर्ज उपलब्ध नाही. सोमवारी सकाळी अठ्ठावीस मुली जिना चढून कार्यालयात आल्या. फॉर्म परत न्यायला आल्या असतील, असं समजून मी गठ्ठा काढून ठेवला. त्यांना अपेक्षेच्या रकान्यासाठी पुरवण्या हव्या होत्या.

घडल्या प्रकाराच्या चौकशीसाठी समिती नेमण्यात आली. (सदस्य तेच. विषयाची माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती.) मंजुश्रीला विचारलं, अपेक्षा का वाचल्या. ती म्हणाली, "फॉर्मवर होत्या." समितीनं सर्व बाजू तपासून असा निष्कर्ष काढला की दोष पूर्णतः कार्डाचा आहे, त्याच्या अपेक्षा फार होत्या. हा अहवाल मंजूर झाला त्याच बैठकीत पार्वतम्मांनी समितीचा राजीनामा दिला. कारण विचारलं, तर त्या म्हणाल्या, "'अपेक्षा फार होत्या' हे लिवलेलं तुम्हीच एकदा मोठ्यानं वाचून बघा," आणि चप्पल घालून जिना उतरल्या.

जळाला होता फक्त सप्लाय; मोठं कार्ड शाबूत होतं, ते मंजुश्रीनं एसटीनं नांदेडला नेलं. शिवशंकरनं ते परत घेतलं आणि त्याच्या बदली ते तळहाताएवढं कार्ड आणि एक नवा सप्लाय दिला. दोन्ही तिनं वीस मिनिटांत बसवलं. झाकणही लागलं, कापलेली बाजू भिंतीकडं केली. संगणक चालू व्हायला अजून अकरा मिनिटं लागतात, पण कुणी हिरवं दिसत नाही, आणि कार्ड आत आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. अण्णांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. निवड समितीच्या दूरदृष्टीचं फळ, असं वार्षिक अहवालात मीच लिहिलं आहे.

महिन्याभराची आगाऊ सूचना देऊन मंजुश्रीनं नोकरी सोडली. जाताना पासवर्ड एका कागदावर लिहून दिला. वधूंच्या सगळ्या पानांवरचं 'विशेष नाही' काढून तिनं मूळ फॉर्मवरचा मजकूर चढवून ठेवला होता, हे आम्हाला नंतर कळलं. ते पूर्ववत करायचं तर तेराशे पानं एकेक करून उघडावी लागतील. तूर्त तो विषय मी बैठकीपुढं ठेवलेला नाही. ती आता नांदेडला शिवशंकरच्या दुकानात काम करते. शाळा-कॉलेजांचे म्हातारे झालेले संगणक तिच्याकडं येतात आणि ती ते आणखी चार वर्षं चालतील असे करून देते.

ही हकिकत मी लातुरात बऱ्याच जणांना सांगितली आहे. इथवर आलो की ऐकणारा खुर्ची थोडी पुढं ओढतो आणि आवाज खाली आणून विचारतो. आपल्याही ओठांवर तेच असेल, संकोच करू नये. हा शिवशंकर, त्याचं लग्न झालेलं आहे का? समाजातलाच ना? वय दोघांचं जुळतं म्हणायला हरकत नाही, नाही का? तिला तिथलं काम आवडतं का, एवढं मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही. हा दोष मानू नये. निवड समितीत एक जागा रिकामी आहे, आणि आम्हाला अशीच माणसं लागतात. अर्ज करण्याची आवश्यकता नाही. आपली मुलाखत झालेली आहे.